कवटी आतून बाहेर वाचा: प्रत्येक भोकाला दोन तोंडं असतात

व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) टेबलावर कवटी आली की पहिल्या वर्षाच्या पोरांचा आवाज एकदम खाली येतो. फोरॅमेन ओव्हेलमधून (फोरॅमेन म्हणजे हाडातलं भोक) काय काय जातं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण परीक्षकांनी काडी पुढे केली आणि "आतून घाला, बाहेर कुठे निघते ते दाखवा" म्हटलं, की काडी हवेतच फिरत राहते. यादी पाठ झालेली असते, रस्ता पाहिलेला नसतो.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. पुस्तकं आधी पाच बाजूंनी कवटी बाहेरून दाखवतात आणि आतल्या भागाकडे वळेपर्यंत वाचणारा दमलेला असतो. आपण बाहेरची ओळख पटकन उरकू, झाकण (कवटीचा कापलेला वरचा भाग) काढू आणि प्रत्येक भोकाची दोन्ही तोंडं शोधू. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, फिजिओ, नर्सिंग, कुठल्याही शाखेला ही पद्धत चालते. नावं डिसेक्शन हॉलमध्ये बोलतात तशीच ठेवली आहेत.

आधी हाताशी काय हवं

खराट्याचे दोन-तीन बारीक हीर, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी लाल, निळी, पिवळी बारीक वायर (लाल आर्टरीला, निळी शिरेला, पिवळी नर्व्हला), एक टॉर्च (मोबाइलचा चालेल), जुन्या फाइलचा पुठ्ठा आणि कापडाची एक चुंबळ. चुंबळ फार कामाची. खालचा जबडा काढलेली कवटी टेबलावर ठेवली की ती कलंडते, आणि कलंडलेल्या कवटीवर तुम्ही पुढे-मागे, वर-खाली यात हमखास गोंधळता. पेन किंवा पेन्सिल हाडाला लावू नका. खुणा जात नाहीत.

कवटी दोन्ही हातांनी, तळाखाली हात घालून उचला. डोळ्यांच्या खोबणीत बोटं अडकवून उचलायची सवय घातक आहे. खोबणीची आतली भिंत कागदासारखी पातळ असते, लॅक्रिमल बोन तर नखाएवढंच. गालाच्या कमानीला, म्हणजे झायगोमॅटिक आर्चला धरून उचललं तर ती तुटते. कॉलेजातल्या बहुतेक जुन्या कवट्यांची एक तरी कमान तुटलेली दिसते ती यामुळेच.

खरी हाडं कॉलेजकडूनच घ्या. महाराष्ट्रात बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळतात ते १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टखाली, आणि त्यात आता देहदानाची भर पडते. कवटीवर टोपी घालून सेल्फी काढणाऱ्याला हॉलबाहेर काढावं, या मताचा मी आहे. प्लॅस्टिकचं मॉडेल घेत असाल तर दुकानातच टॉर्च आत धरून बघा. स्वस्त मॉडेलमध्ये बारीक भोकं नुसती खळग्यासारखी उठवलेली असतात, आरपार नसतात. अशा मॉडेलवर हा लेख निम्मा वाया जाईल.

पायरी १: कवटी सरळ धरणं

खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या पातळीत आणा. याला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात. माणूस सरळ समोर बघत उभा असताना डोकं जवळपास असंच असतं. चुंबळीवर कवटी या पातळीत बसवा आणि अभ्यास संपेपर्यंत तशीच ठेवा. "पुढे" आणि "वर" हे शब्द या स्थितीतच खरे आहेत.

पायरी २: बाहेरून एक फेरी

हाडं २२. मेंदूभोवती ८, चेहऱ्याची १४. कानातली सहा चिमुकली हाडं या मोजणीत धरत नाहीत. आठांपैकी कपाळाचं फ्रंटल, मागचं ऑक्सिपिटल, दोन्ही बाजूंची पॅरायटल आणि टेम्पोरल ही सहा बाहेरून सहज दिसतात. एथमॉइड नाकाच्या छपरात लपलेलं. राहिलं स्फेनॉइड, आणि त्याच्यावर वेळ घालवा. कवटीच्या मधोमध बसलेलं हे हाड उरलेल्या सातही हाडांना भिडतं. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या भिंतीत ते दिसतं, कानशिलावर दिसतं, तळाला दिसतं आणि झाकण काढल्यावर आतही दिसतं. एकच बोट या चारही ठिकाणी ठेवून "हे तेच हाड" असं मोठ्याने म्हणा. स्फेनॉइड कळलं की निम्मी कवटी कळली.

सांधे तीन लक्षात ठेवा: आडवा कोरोनल, मधला सॅजिटल, मागचा लॅम्डॉइड. कोरोनल आणि सॅजिटल जिथे मिळतात तिथेच बाळाची टाळू असते. ती साधारण दीड वर्षापर्यंत भरते. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांतच. घरची म्हातारी माणसं टाळूवर तेल घालताना बोटाने ती चाचपतात, आणि खोल गेली असेल तर बाळाला पाणी कमी पडतंय हे ओळखतात. डॉक्टरही तेच करतात. बाळ शांत, बसतं धरलेलं असताना टाळू टणक फुगलेली असेल तर आतला दाब वाढल्याची शंका घ्यायची.

आता कानशिल. झायगोमॅटिक आर्चच्या मध्यापासून साधारण ४ सेंटिमीटर वर बोट ठेवा. फ्रंटल, पॅरायटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइडचा मोठा पंख ही चार हाडं तिथे इंग्रजी 'एच'च्या आकारात भेटतात. हे टेरिऑन. टॉर्च आतून लावला तर बऱ्याच कवट्यांत इथून उजेड झिरपताना दिसतो, इतकं हाड पातळ असतं. या जागेच्या आत काय आहे ते झाकण काढल्यावर बघूच. हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलनं करणाऱ्या आम्हा पुणेकरांना ही जागा एकदा उजेडात धरून दाखवायला हवी.

बाहेरची फेरी संपवण्याआधी कानामागचा उंचवटा, मॅस्टॉइड प्रोसेस, चाचपा. त्याच्या आणि टोकदार स्टायलॉइडच्या मध्ये एक भोक आहे, स्टायलोमॅस्टॉइड फोरॅमेन. फेशियल नर्व्ह, म्हणजे सातवी, इथून बाहेर पडते. ती आत कुठून शिरली हे पुढे येईल. नवजात बाळाला मॅस्टॉइडचा उंचवटा नसतो, त्यामुळे ही नर्व्ह कातडीजवळ उघडी पडलेली असते आणि चिमट्याच्या बाळंतपणात दाबली जाऊ शकते.

पायरी ३: झाकण काढा आणि आधी झाकणच वाचा

मुलं झाकण बाजूला ठेवून थेट तळाकडे धावतात. थांबा. झाकण उलटं करून उजेडात तिरकं धरा.

मधोमध पुढून मागे जाणारी उथळ खाच आहे. ही सुपीरियर सॅजिटल सायनसची, म्हणजे मेंदूकडून परत येणाऱ्या अशुद्ध रक्ताच्या मोठ्या पाटाची. खाचेच्या दोन्ही बाजूंना छोटे खड्डे दिसतील. वय वाढेल तसे ते ठळक होतात. मेंदूभोवतीचं पाणी, सीएसएफ, अ‍ॅरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन्समधून रक्तात परत जातं, आणि त्या ग्रॅन्युलेशन्सचे हे ठसे. मोठ्या माणसात हे पाणी एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला ५०० च्या आसपास तयार होतं. म्हणजे ते दिवसातून तीनेक वेळा बदललं जातं. मधली वाट कुठे तुंबली तर मेंदूच्या पोकळ्या फुगतात, तो हायड्रोसेफॅलस.

बाजूला फांद्यांसारखे बारीक चर दिसतील. ते मिडल मेनिंजियल आर्टरीचे. तळापासून झाकणापर्यंत त्यांचा माग काढा: पुढची फांदी बरोबर टेरिऑनच्या आतून जाते. कानशिलावर बॅट किंवा रस्त्याचा कठडा बसला, पातळ हाड तडकलं आणि ही आर्टरी फाटली, की हाड आणि ड्युरा (मेंदूचं सगळ्यांत बाहेरचं आवरण) यांच्यामध्ये रक्त साठायला लागतं. माणूस थोडा वेळ बेशुद्ध पडतो, मग उठून बोलतो, "काही नाही झालं" म्हणतो आणि काही तासांत पुन्हा कोसळतो. मधल्या या शुद्धीच्या काळाला ल्युसिड इंटर्व्हल म्हणतात. डोक्याला मार लागलेल्या माणसाला "आता बरा आहे" म्हणून एकट्याला झोपायला पाठवू नये ते याचसाठी.

पायरी ४: तीन मजले

आता तळ. तो सपाट नाही. पुढचा फॉसा (खळगा) सगळ्यांत वर, मधला त्याखाली, मागचा सगळ्यांत खोल. पुढच्यात फ्रंटल लोब टेकतात, मधल्यात दोन बाजूंना टेम्पोरल लोब आणि मध्ये पिट्यूटरी, मागच्यात सेरेबेलम आणि ब्रेनस्टेम. पुढचा-मधला यांच्यातली हद्द स्फेनॉइडच्या लहान पंखाची धारदार कड. मधला-मागचा यांच्यातली हद्द टेम्पोरलच्या पेट्रस भागाचा तिरका कणा. या दोन कडांवरून बोट फिरवा आणि मगच भोकांकडे वळा.

पायरी ५: काडी घाला, तोंडं शोधा

पुढून मागे जाऊ. मेंदूच्या बारा नर्व्ह-जोड्यांचे क्रमांकही साधारण त्याच ओळीने वाढत जातात, त्यामुळे वेगळं पाठांतर लागत नाही.

पुढच्या फॉसाच्या मध्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी क्रिस्टा गॅली आहे आणि दोन्ही बाजूंना चाळणी, क्रिब्रिफॉर्म प्लेट. पहिल्या नर्व्हचे वासाचे धागे यातून खाली नाकाच्या छपरात उतरतात. इथे काडी घालू नका, मोडेल. नुसता टॉर्च धरा आणि नाकातून बघा. डोकं जोरात हिंदकळलं तर हे धागे तुटतात आणि वास जातो. चाळणीच तडकली तर नाकातून पाण्यासारखं सीएसएफ गळतं, डोळ्यांभोवती काळंनिळं होतं. अशा पेशंटच्या नाकातून रायल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) घालत नाहीत, तोंडातून घालतात. कारण डोळ्यांसमोर आहे: नळीला वर मेंदूत जायला वाट मोकळी झालेली असते.

मधल्या फॉसात वेळ काढा, कवटीतला सगळ्यांत श्रीमंत भाग हाच. टॉर्च आत ठेवा आणि समोरून खोबणीत बघा. उजेड दोन ठिकाणांहून येईल. आतल्या बाजूचं गोल भोक ऑप्टिक कॅनाल. त्यातून ऑप्टिक नर्व्ह आणि ऑफ्थॅल्मिक आर्टरी. त्याच्या बाहेरची लांबट फट सुपीरियर ऑर्बिटल फिशर. त्यातून तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची पहिली शाखा, शिवाय ऑफ्थॅल्मिक व्हेन. खोबणीत खाली आणखी एक लांब फट दिसते, इन्फीरियर ऑर्बिटल फिशर. ती मेंदूच्या पोकळीत उघडतच नाही. व्हायव्हात या दोघींची अदलाबदल फार होते. टॉर्चचा प्रयोग एकदा केलेला विसरत नाही.

फिशरच्या मागे फोरॅमेन रोटंडम. पिवळी वायर आतून पुढच्या दिशेने घाला. कवटी उलटी करून खालून शोधाल तर ती सापडणार नाही, आणि अर्धा वर्ग इथेच अडतो. रोटंडम खाली उघडत नाही, पुढे टेरिगोपॅलटाइन फॉसात उघडतो. कवटीच्या बाजूने, वरच्या जबड्यामागच्या उभ्या फटीत डोकावा. वायरचं टोक तिथे दिसेल. पाचवीची ही दुसरी शाखा तिथून खोबणीच्या फरशीतल्या चरात शिरते आणि गालावर इन्फ्राऑर्बिटल फोरॅमेनमधून बाहेर येते. दुसरी वायर गालाच्या भोकातून उलटी आत घातली की रस्त्याचा दुसरा अर्धा भागही दिसतो.

त्यामागे, थोडं बाहेर, फोरॅमेन ओव्हेल. हीर सरळ खाली जातो. पाचवीची तिसरी शाखा इथून. ओव्हेलच्या मागे-बाहेर टाचणीच्या डोक्याएवढा फोरॅमेन स्पायनोसम; लाल वायर खालून वर घाला आणि तिचं टोक आतल्या चराला लावा. हाच तो मिडल मेनिंजियलचा चर, जो झाकणावर टेरिऑनपर्यंत गेला होता.

ओव्हेलच्या आतल्या बाजूचं ओबडधोबड भोक फोरॅमेन लॅसरम. वाळलेल्या हाडात ते आरपार दिसतं आणि फसवतं. जिवंत माणसात त्याचा खालचा भाग कूर्चेने बंद असतो. कुठलीही मोठी रचना त्यातून वरपासून खालपर्यंत जात नाही. इंटर्नल कॅरॉटिड, मेंदूला रक्त नेणारी आर्टरी, फक्त त्याच्या वरच्या भागावरून जाते. कॅरॉटिडचा खरा रस्ता पाहायचा तर लाल वायर पेट्रस भागाच्या खालच्या गोल भोकातून वर घाला. थोडी वर गेली की अडेल. जोर लावू नका, टोक पुढे-आत वाकवा. कॅनाल काटकोनात वळतो आणि वायर लॅसरमच्या वर बाहेर येते. तिथून कॅरॉटिड पिट्यूटरीच्या खड्ड्याशेजारी, कॅव्हर्नस सायनसमधून (शिरेच्या रक्ताच्या पोकळीतून) पुढे जाते. सहावी नर्व्ह तिच्यासोबत सायनसच्या आत, तर तिसरी, चौथी आणि पाचवीच्या पहिल्या दोन शाखा बाहेरच्या भिंतीत. नाकाजवळची, वरच्या ओठावरची पुळी फोडू नये म्हणतात ते याच सायनसमुळे: तिथल्या शिरा डोळ्यामागून इथवर जोडलेल्या असतात.

पिट्यूटरीचा खड्डा, सेला टर्सिका, खाली स्फेनॉइडच्या हवेच्या पोकळीवर बसलेला आहे. म्हणून पिट्यूटरीची गाठ कवटी न उघडता नाकातून काढता येते. गाठ वर वाढली तर ऑप्टिक कायझ्मावर (दोन्ही ऑप्टिक नर्व्ह जिथे मिळतात तिथे) दाब येतो आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची नजर जाते.

मागचा फॉसा त्यामानाने सोपा. पेट्रसच्या मागच्या उतारावर इंटर्नल अकूस्टिक मीटस. सातवी आणि आठवी त्यात शिरतात. काडी घाला, आत भिंतीला टेकून थांबेल. आठवीचा प्रवास तिथेच कानात संपतो. सातवी मात्र हाडातून वळणं घेत स्टायलोमॅस्टॉइडला बाहेर पडते. दोन काड्या दोन्ही तोंडांत ठेवून मधलं अंतर बघा. या अरुंद हाडी वाटेत नर्व्हला सूज आली की तिला फुगायला जागा नसते, आणि एका बाजूचा चेहरा लुळा पडतो, तो बेल्स पाल्सी. पेट्रस तडकलं तर कानातून रक्त किंवा पाणी येतं आणि एखाद-दोन दिवसांत मॅस्टॉइडवर काळंनिळं उठतं.

त्याखाली जग्युलर फोरॅमेन: नववी, दहावी, अकरावी आणि शिरेचा, म्हणजे निळ्या वायरीचा, मोठा रस्ता. काडी खाली कॅरॉटिडच्या भोकाच्या लगेच मागे निघते. मग मोठा फोरॅमेन मॅग्नम. त्याच्या पुढच्या-बाजूच्या कडेत हायपोग्लॉसल कॅनाल, बारावीचा. त्याला कॉन्डायलच्या (मणक्यावर टेकणाऱ्या उंचवट्याच्या) मागच्या भोकाशी गोंधळू नका. ते शिरेचं आहे आणि प्रत्येक कवटीत सापडेलच असं नाही.

पायरी ६: रक्ताची परतीची वाट, एका बोटाने

झाकणावरच्या मधल्या खाचेत बोट ठेवा. मागे सरका. झाकण संपलं की तळाच्या मागच्या भिंतीवर तीच खाच पकडा आणि इंटर्नल ऑक्सिपिटल प्रोट्युबरन्सला पोहोचा. तिथे बहुतेक कवट्यांत खाच उजवीकडे वळते. म्हणून या वळणानंतरची उजवीकडची खाच सहसा मोठी. आडवं जा (ट्रान्सव्हर्स), मग खाली नागमोडी वळा (सिग्मॉइड), आणि बोट जग्युलर फोरॅमेनमध्ये घुसेल. बोट न उचलता ही वाट दोन्ही बाजूंनी एकेकदा काढा.

आता पुठ्ठा. कोयत्याच्या आकाराचा तुकडा कापून क्रिस्टा गॅलीपासून मागच्या प्रोट्युबरन्सपर्यंत उभा बसवा. हा फॅल्क्स, दोन गोलार्धांतला पडदा. दुसरा तुकडा ट्रान्सव्हर्स खाचा आणि पेट्रसच्या कण्यांवर आडवा टेकवा, पुढे मध्ये खाच ठेवून. हा टेंटोरियम, सेरेबेलमवरचा पडदा. खाचेतून मिडब्रेन जातो, तिसरी नर्व्हही तिथूनच. कवटी मोठेपणी ताणत नाही. आत रक्त साठलं की मेंदूला सरकायला जी थोडी जागा उरते त्यात हीच खाच येते. टेम्पोरल लोबची आतली कड इथे घुसते, तिसरी नर्व्ह दाबते आणि सहसा त्याच बाजूची बाहुली मोठी होते. आयसीयूत सिस्टर ठरावीक वेळाने डोळ्यांवर टॉर्च मारतात तेव्हा त्या पुठ्ठ्याच्या याच कडेवर लक्ष ठेवून असतात.

पायरी ७: सीटीशी जुळवा

आडव्या कापाचा सीटी पायांकडून वर बघितल्यासारखा असतो. पेशंटची उजवी बाजू तुमच्या डावीकडे. पांढरं रक्त भिंगासारखं दोन्हीकडून फुगीर असेल तर ते ड्युराच्या बाहेर. सांध्यांशी ड्युरा घट्ट चिकटलेला असल्याने ते सहसा सांधा ओलांडत नाही. चंद्रकोरीसारखं पसरलेलं असेल तर ड्युराच्या आत, ब्रिजिंग व्हेन्स (मेंदूकडून सायनसकडे जाणाऱ्या शिरा) फाटून आलेलं. ते सांधे ओलांडतं, फॅल्क्स ओलांडत नाही. वयानुसार मेंदू आकसतो आणि या शिरा ताणल्या जातात. त्यामुळे आजोबा न्हाणीघरात नुसते घसरले, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि काही आठवड्यांनी बोलणं अडखळायला लागलं, तर सीटी करायलाच हवा.

पायरी ८: स्वतःच्या चेहऱ्यावर

आरशासमोर बसा. डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेला, भुवईखाली, आतल्या तिसऱ्या भागात बोटाने खाच चाचपा. तिथून सरळ खाली, खोबणीच्या खालच्या कडेच्या जरा खाली दाबा. आणखी खाली, हनुवटीच्या बाजूला दुसऱ्या प्रीमोलर दाताखाली. तिन्ही जागा जवळपास एका उभ्या रेषेत येतात आणि दाबल्यावर थोडं झिणझिणतं. पाचवीच्या तीन शाखा: एक फिशरमधून आलेली, एक रोटंडममधून, एक ओव्हेलमधून. तिसऱ्या शाखेची एक फांदी खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने मँडिब्युलर फोरॅमेनमध्ये शिरते, दातांखालून जाते आणि हनुवटीच्या भोकातून बाहेर येते. डेंटिस्ट खालच्या दाढेसाठी इंजेक्शन मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला देतात, तरी बधिर होतो तो खालचा ओठही. सुट्या जबड्यात पिवळी वायर घालून बघा. बहुधा मध्येच अडकेल. मग दुसरी वायर हनुवटीकडून घाला आणि दोन्ही टोकं हाडात कुठवर पोहोचली ते बाहेरून बोटाने मोजा.